पगाराआधी परतीची वाट

परदेशात इंग्रजी शिकवायला निघालेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो तो पगाराचा. किती देतात? रुपयांत किती पडतात? घरात, शिक्षक-खोलीत, लग्नाच्या मांडवातही हाच प्रश्न. मग कराराची वाटाघाटी म्हणजे आकडा वाढवून घेणे, असे त्या माणसालाही वाटू लागते. ज्याने दोनशे दिरहम वाढवून घेतले तो हुशार आणि ज्याने मिळाले ते घेतले तो भिडस्त, असा आपला हिशेब असतो. हा हिशेब उथळ आहे आणि तो महागात पडतो. मी स्वतः काही वर्षे आखातात इंग्रजी शिकवले. परतल्यापासून ओळखीपाळखीतल्या शिक्षकांचे करार सहीपूर्वी वाचून देतो. या वाचनातून माझे जे मत बनले आहे, ते इथे टप्प्याटप्प्याने मांडतो.

माझे म्हणणे असे: परदेशातल्या शिक्षकाच्या करारात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे आपले कष्टाचे पैसे आणि आपले कागद घेऊन ती नोकरी मानाने सोडता येणे. बाहेर पडण्याची वाट जितकी मोकळी, तितका आत असताना आपल्या शब्दाला मान. म्हणून वाटाघाटी कराराच्या शेवटाकडून सुरू करावी आणि पगाराकडे त्यानंतर यावे.

१. चार दोऱ्या, एकच हात

साताऱ्यातल्या शाळेतली नोकरी नकोशी झाली, तर शिक्षिका राजीनामा देते आणि संध्याकाळी आपल्याच घरी जाते. तिचे घर, तिचे बँकेचे खाते, तिचा गावात राहण्याचा हक्क, यांतले काहीही संस्थाचालकांच्या हातात नसते. परदेशात शाळा पगार देते, व्हिसाही शाळाच काढते, पुष्कळदा खोलीही शाळेचीच असते आणि पुढच्या नोकरीसाठी लागणारा अनुभवाचा दाखलाही तिच्याच लेटरहेडवर मिळायचा असतो. चार दोऱ्या एकाच हातात जातात. त्यामुळे पगारावरून झालेला वाद पगारापुरता राहत नाही. तो डोक्यावरच्या छपरापर्यंत आणि देशात राहण्याच्या परवान्यापर्यंत जाऊन पोचतो.

ऑक्टोबर २००७ मध्ये जपानमधली इंग्रजी शिकवणारी सर्वांत मोठी कंपनी, ‘नोव्हा’, कोसळली. हजारो परदेशी शिक्षकांचे पगार त्याआधीच थकले होते. त्यांतले कित्येकजण कंपनीने भाड्याने घेतलेल्या घरांत राहत होते. भाडे त्यांच्या पगारातून कापले जात होते, पण घरमालकांपर्यंत पोचत नव्हते. पगार बंद आणि वर घर रिकामे करण्याच्या नोटिसा, अशी त्यांची अवस्था झाली. मुलाखतीच्या वेळी यांतल्या एखाद्याने महिना दहा हजार येन जास्त मागून घेतले असते, तरी त्या ऑक्टोबरमध्ये त्याचा काही उपयोग झाला नसता. घराचा भाडेकरार स्वतःच्या नावावर असता, तर झाला असता.

मालक अप्रामाणिक असला तरच असे होते, असेही नाही. जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने शालेय विषयांच्या नफ्यावर चालणाऱ्या खाजगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले. मोठमोठ्या शिकवणी कंपन्यांचा धंदा काही महिन्यांत आटला. त्या कंपन्यांच्या शब्दावर गेलेल्या शिक्षकांचा काही दोष नव्हता आणि काही ठिकाणी मालकांचाही नव्हता. चांगल्या मालकावरही वाईट दिवस येतात आणि त्या दिवशी आपल्या हातात काय उरते, हे आधी केलेल्या करारावर ठरते.

२. बोलण्याला वजन कशाने येते

अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या पुस्तकात एक साधी मांडणी केली. एखाद्या संस्थेत मन रमेनासे झाले की माणसापुढे दोन वाटा असतात: सोडून जाणे किंवा आत राहून आवाज उठवणे. या दोन वाटा एकमेकींपासून सुट्या नाहीत. जो सोडून जाऊ शकतो त्याचे म्हणणे ऐकले जाते. ज्याला जाताच येत नाही त्याची तक्रार ही निव्वळ विनवणी उरते. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही आपली म्हण तेच सांगते. वाटाघाटीचे कौशल्य, गोड बोलणे, फाडफाड इंग्रजी हे सगळे हरी अडलेला नसेल तरच कामाला येते.

करारात किंमत ठरलेली असूनही सुटका नसली तर काय होते, याची आठवण आपल्या भाषांनी जपली आहे. १८३४ पासून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर भारतीय मजूर नेले गेले. त्यांत कोकणातून मुंबई बंदरामार्गे गेलेले मराठी लोकही होते. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचे त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. मजुरी, शिधा, राहण्याची जागा हे त्या कागदावर ठरलेले असे. मुदतीच्या आत काम सोडण्याची मोकळीक मात्र नव्हती. परवान्यावाचून मळ्याबाहेर सापडलेल्या मजुराला तुरुंग दाखवला जाई. आजचा पदवीधर शिक्षक गिरमिटिया नाही, आणि तशी बरोबरी केली तर त्या मजुरांच्या सोसण्याचा अवमान होईल. पण एक गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही आहे. कागदावर मजुरी लिहिल्याने करार न्याय्य ठरत नाही. दोन्ही बाजूंना तो संपवता येतो की नाही, ते पाहावे लागते.

३. आकड्याच्या आत पाहा

पगाराला महत्त्व नाही, असे मी म्हणत नाही. पण ऑफर लेटरवर ठळक छापलेला आकडा पुष्कळदा आपल्याला हव्या त्या प्रश्नाचे उत्तरच देत नसतो. तो तीन ठिकाणी उकलून पाहावा लागतो.

पहिली जागा म्हणजे बेसिक, म्हणजेच मूळ पगार. माझी एक जुनी विद्यार्थिनी आखातातल्या एका शाळेचे पत्र घेऊन घरी आली होती. एकूण ४,००० दिरहम, आणि त्याखाली बारीक अक्षरांत बेसिक १,६००, बाकीचे भत्ते. तिला एकूण आकडा पसंत होता, त्यामुळे खालच्या ओळीवर तिची नजर थांबलीच नव्हती. संयुक्त अरब अमिरातीत २०२१ चा ३३ क्रमांकाचा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांच्या बेसिकइतकी ग्रॅच्युइटी मिळते. त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांची. म्हणजे १,६०० बेसिकवर पाच वर्षांनी ५,६०० दिरहम होतात. त्याच ४,००० पैकी बेसिक ३,२०० लावले असते, तर ११,२०० झाले असते. दरमहा हातात येणारी रक्कम दोन्हीकडे अगदी सारखी. निघताना मात्र दुपटीचा फरक. न घेतलेल्या रजेचा मोबदलाही बेसिकवरच मोजला जातो. एकूण आकड्याला हात न लावता ही मागणी करता येते, हे तिला कुणी सांगितले नव्हते.

दुसरी जागा म्हणजे महिने. थायलंडमध्ये शाळांना शिक्षक पुरवणाऱ्या एजन्सींचे दहा किंवा अकरा महिन्यांचे करार सर्रास असतात. मोठ्या सुट्टीत पगार नाही. महिना ३५,००० बाथ दहा महिने मिळाले तर ३,५०,००० होतात आणि महिना ३०,००० बारा महिने मिळाले तर ३,६०,०००. लहान दिसणारा पगार वर्षाअखेर मोठा ठरतो. शिवाय सुट्टीतल्या त्या दोन महिन्यांत व्हिसा चालू राहणार का आणि खोली राहणार का, हेही याच प्रश्नात येते.

तिसरी जागा म्हणजे तास. ‘आठवड्याला २४ पीरियड’ याचा अर्थ ४५ मिनिटांचे पीरियड धरले तर १८ तास होतो, घड्याळी तास धरले तर २४. त्यावर वह्या येतात. तीस मुलांच्या पाच तुकड्या म्हणजे १५० वह्या. एका वहीला चार मिनिटे दिली तरी दहा तास होतात. हे दहा तास शाळेच्या वेळेत धरले आहेत की आपल्या रात्रींतून जाणार आहेत? करारात एक ओळ हमखास असते: ‘व्यवस्थापन सांगेल ती इतर कामे शिक्षकाने करावीत.’ बसमधली ड्युटी, शनिवारची प्रवेशमोहीम, रजेवरच्या शिक्षकाचे तास, सगळे या एका ओळीत मावते. ती ओळ काढून टाकायला शाळा बहुधा राजी होत नाही. पण तिच्यापुढे ‘एकूण साप्ताहिक कामाच्या तासांच्या मर्यादेत’ एवढे शब्द घालायला पुष्कळदा होते.

जपानमधल्या भाषाशाळांत आठवड्याला २९.५ तासांचा करार ही जुनी पद्धत होती. त्यामागे नोकरदारांच्या आरोग्य-पेन्शन विम्याचा बोजा टाळण्याचा हिशेब असे. शिक्षकाला वाटे, काम तीस तासांहून कमी आहे, चांगलेच झाले. खरे तर त्या अर्ध्या तासाबरोबर त्याचे विमा-संरक्षण गेलेले असे.

४. शेवटाकडून वाचायची सहा कलमे

बाहेर पडण्याची वाट सहा ठिकाणी तपासावी लागते. माझ्या मते वाटाघाटीतली बरीचशी मेहनत इथेच खर्च व्हावी.

(१) नोटिशीची समानता. शाळा एका महिन्याच्या नोटिशीवर काढू शकते आणि शिक्षकाला मात्र तीन महिने द्यावे लागतात, असा करार एकतर्फी आहे. दोन्हीकडे मुदत सारखी असावी. प्रोबेशनमधली नोटीसही लिहून घ्यावी, कारण उभयपक्षी भ्रमनिरास होतो तो बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच.

(२) दंड आणि बाँड. वर्ष पुरे न केल्यास अमुक रक्कम भरा, असे कलम असेल तर त्या रकमेचा प्रत्यक्ष खर्चाशी संबंध मागावा. तिकीट व व्हिसाचा खर्च शाळेने केला असेल, तर जितके महिने काम झाले तितक्या प्रमाणात तो फिटत गेला पाहिजे. जपानच्या कामगार मानक कायद्याचे १६ वे कलम करारभंगासाठी दंडाची रक्कम आधीच ठरवून ठेवायला मनाई करते. जिथे असा कायदा आहे तिथे नम्रपणे त्याचा उल्लेख करावा. जिथे नाही तिथे रकमेला कमाल मर्यादा मागावी.

(३) दुसऱ्या नोकरीची परवानगी. दक्षिण कोरियात ई-२ व्हिसावरच्या शिक्षकाला मुदतीआधी शाळा बदलायची झाली की जुन्या मालकाचे संमतीपत्र हा कळीचा मुद्दा होतो. त्या देशात सलग एक वर्ष पुरे झाले की साधारण एका महिन्याच्या पगाराइतकी निवृत्तिरक्कम द्यावी लागते. म्हणूनच काही खाजगी शिकवणी वर्ग अकराव्या महिन्यात शिक्षकाला काढतात, ही तक्रार तिथे जुनी आहे. ‘मुदत पुरी होण्याआधी शाळेने काढल्यास संमतीपत्र सात दिवसांत देण्यात येईल’ हे वाक्य करारात असणे, महिन्याच्या पगारात थोडी वाढ मिळण्यापेक्षा जास्त मोलाचे आहे.

(४) कागदपत्रे. पासपोर्ट आपल्याच ताब्यात राहील, आणि मूळ पदवी प्रमाणपत्र फक्त पडताळणीपुरते देऊन ठराविक दिवसांत परत मिळेल, हे लिहून घ्यावे. पदवीवर आधी राज्याचे, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, किंवा मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर दूतावासाचे शिक्के मारून घेण्यात किती चकरा होतात, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. तो कागद शाळेच्या कपाटात अडकला तर पुढची नोकरीही तिथेच अडकते. अमिरातीच्या कायद्यात कामगाराची कागदपत्रे अडवून ठेवायला बंदी आहे, आणि मागितल्यास विनाशुल्क अनुभवाचा दाखला देणे मालकावर बंधनकारक आहे. कायद्यात असलेली गोष्ट करारात लिहायला जो का-कू करतो, त्याच्याबद्दल आपल्याला पुष्कळ कळून चुकते.

(५) अखेरचा हिशेब. शेवटचा पगार, रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी आणि परतीचे तिकीट हे सारे देश सोडण्याआधी मिळणार की नंतर? ‘नंतर खात्यात जमा करू’ या वाक्यावर विमानात बसलेली माणसे मी पाहिली आहेत. परत आल्यावर त्यांच्या हातात ईमेल लिहिण्यापलीकडे काही उरत नाही. तारीख लिहून घ्यावी.

(६) खरा करार कोणता. ऑफर लेटर वेगळे, शाळेचा करार वेगळा आणि सरकारदरबारी नोंदवलेला करार वेगळा, असे तीन कागद होऊ शकतात. अमिरातीत मंत्रालयाकडे करार नोंदवावा लागतो, आणि अरबी व परकी भाषेतल्या मजकुरात फरक निघाला तर अरबी मजकूर ग्राह्य धरतात. आपण इंग्रजीचे शिक्षक म्हणून इंग्रजी मसुद्यातला स्वल्पविरामही तपासतो. पण कायद्याच्या दृष्टीने वजनदार असलेला मजकूर आपल्याला वाचताच येत नसतो. तिन्ही कागदांत पगार, बेसिक, मुदत आणि नोटीस एकच आहे ना, हे निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

५. ताकद असते ती नेमकी कधी

आपल्याकडे वडीलधारी मंडळी मायेने सांगतात, “आधी जा, पाय रोव, मग माग.” वाटाघाटीच्या दृष्टीने हा सल्ला पूर्ण उलटा आहे. निवड झाल्यापासून इथल्या नोकरीचा राजीनामा देईपर्यंतचा काळ हाच आपल्या ताकदीचा काळ. शाळेने तोवर मुलाखती संपवलेल्या असतात, वेळापत्रकात आपले नाव घातलेले असते, आणि सत्र सुरू व्हायला थोडे आठवडे उरलेले असतात. दुसरा माणूस शोधणे त्यांनाही नकोसे असते. आणि आपल्या हातात अजून इथली नोकरी असते. राजीनामा दिला की ही ताकद निम्मी होते. कर्ज काढून एजंटाचे पैसे भरले की उरलेली जाते. विमान उतरल्यावर जे बोलायचे ते पाण्यात राहून माशाशी वैर ठरते.

यातून तीन नियम निघतात. लेखी करार हातात पडल्याखेरीज राजीनामा देऊ नये. परत न मिळणारा पैसा कुणाकडे भरू नये. आणि मागण्या एकेक करून न पाठवता एकाच पत्रात, महत्त्वाच्या क्रमाने, प्रश्नाच्या रूपात पाठवाव्यात. ‘नोटिशीचे कलम बदला’ असे लिहिण्याऐवजी ‘शाळेसाठी नोटीस एक महिना आणि शिक्षकासाठी तीन महिने दिसते, दोन्हीकडे दोन महिने ठेवता येतील का?’ असे लिहावे. उत्तर नाही आले तर तेही उत्तरच आहे. सहीआधी जी शाळा एका पत्राला सरळ उत्तर देत नाही, ती सहीनंतर देईल अशी आशा कशाच्या जोरावर करायची?

६. ‘नेटिव स्पीकर’ची भिंत

मराठी शिक्षकाला या व्यवहारात एक जादा अडथळा असतो. इंग्रजी शिकवण्याच्या जागतिक बाजारात मातृभाषा आणि पासपोर्ट यांवरून दर ठरतात. कोरियाचा ई-२ व्हिसा इंग्रजीसाठी सर्वसाधारणपणे सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत आणि कोरिया यांच्यात ऑगस्ट २००९ मध्ये सर्वंकष आर्थिक भागीदारी करार झाला व १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात अध्यापनाची पात्रता असलेल्या भारतीयांसाठी शाळांत साहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून जाण्याची वाट ठेवली आहे. पण वाट असणे वेगळे आणि नेमणुका होणे वेगळे.

भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी ही भिंत कधीच अमान्य केली आहे. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ साली ‘लिंग्विस्टिक इम्पीरिअ‍ॅलिझम’मध्ये, जन्मजात भाषिक तोच आदर्श शिक्षक, या समजुतीला भ्रम म्हटले. इंग्रजी शिक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटना टेसॉल हिनेही २००६ मध्ये अशा भेदभावाविरुद्ध भूमिका जाहीर केली. हे सगळे आपल्या बाजूचे आहे. तरीही वाटाघाटीच्या खोलीत ‘मी नेटिवइतकाच चांगला आहे’ हा युक्तिवाद दुबळा पडतो, कारण त्यात मापपट्टी समोरच्याचीच राहते. त्याऐवजी आपले बी.एड., आपण शिकवलेले वर्ग, दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकताना मूल नेमके कुठे अडते याचे आपले ज्ञान, यांवर बोलावे. ही गोष्ट आपल्याला पुस्तकातून शिकावी लागलेली नाही. आपण त्याच वाटेने आलो आहोत.

इथे माझा मूळ मुद्दा आणखी तीव्र होतो. जिथे आपल्या पासपोर्टावर रीतसर परवाना मिळणे अवघड आहे, तिथे एजंट हमखास सुचवतात, ‘तूर्त टुरिस्ट व्हिसावर जा, नंतर बदलून देऊ.’ त्या क्षणी पगार कितीही सांगितलेला असो, बाहेर पडण्याची वाट बंद झालेली असते. तक्रार करायची तर आधी आपणच बेकायदा काम करत आहोत हे कबूल करावे लागते. अशा नोकरीत वाटाघाटी करण्याजोगे काही नसतेच. ती नाकारावी.

७. आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप: एका जागेसाठी शंभर अर्ज असताना कलमांवर बोलणारा बाद होतो. काही ठिकाणी होतो, हे खरे आहे. पण पगाराची चौकट अनेक शाळांत ठरलेली असते. परदेशी शिक्षक नेणाऱ्या, १९८७ साली सुरू झालेल्या जपानच्या जेट योजनेत तर पगार वर्षागणिक ठरलेलाच आहे, तिथे घासाघिशीला जागाच नाही. शाळेला वाढीव पगार द्यायचा तर वरून मंजुरी लागते. संमतीपत्राची किंवा हिशेबाच्या तारखेची ओळ घालायला दमडी लागत नाही. म्हणून गर्दीच्या बाजारात पगारापेक्षा कलमांवर बोलणेच अधिक शक्य असते. आणि ‘पासपोर्ट माझ्याकडे राहील ना?’ एवढ्या प्रश्नावर जी जागा गेली, ती गेलेलीच बरी.

दुसरा आक्षेप: कायदा आहेच, मग करारात कशाला लिहायचे? कायद्याविरुद्धचे कलम बहुतेक देशांत टिकत नाही, हे मान्य. पण कायदा त्याच्या उपयोगाचा, जो निकालापर्यंत तिथे थांबू शकतो. नोकरी गेली की व्हिसाची घटिका सुरू होते. घर जाते, पैसे संपतात, आणि माणूस हक्क सोडून तिकीट काढतो. कायद्यातला हक्क करारात, आपल्या नावासह, तारखेसह उतरवला तर न्यायालयाच्या दारात जायची वेळ पुष्कळदा येतच नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. शिक्षक हा काही निव्वळ मजुरी करणारा नाही. वर्षाच्या मध्यात तो निघून गेला तर मुलांचे काय? सोडण्याची वाट मोकळी ठेवणे म्हणजे मुलांना वाऱ्यावर सोडण्याची मुभा मागणे नाही का? हर्शमननेही बजावले होते की सोडून जाणे फार सोपे झाले तर आवाज उठवून सुधारणा करण्याची सवय मरते. हे मी मानतो. म्हणूनच मी नोटीसच नको असे म्हणत नाही. सत्र संपेपर्यंत थांबण्याची अट शिक्षकाने स्वतःहून मान्य करावी, फक्त ती शाळेलाही लागू असावी. मुलांची काळजी खरी असेल तर शाळेनेही अकराव्या महिन्यात शिक्षक बदलू नये. आणि अनुभव असा की ज्याला जाता येते तो राहतो तेव्हा मनापासून राहतो. अडकलेला शिक्षक वर्गात उभा असतो. त्याचे लक्ष मात्र कॅलेंडरवर असते. मुलांना ते लगेच कळते.

चौथा आक्षेप: सुरुवातीलाच शेवटाचे बोलणे अशुभ, अविश्वासाचे वाटते. आपण विमा काढतो, घराच्या कागदावर वारस लिहितो, तेव्हा कुणाचे वाईट चिंतत नाही. दोन्ही बाजूंनी शेवट कसा करायचा हे ठरले की मधली वर्षे निर्धास्तपणे जातात.

८. एकट्याच्या पलीकडे

एकेकट्याने कितीही नीट करार केला तरी त्याला मर्यादा आहेत. आपल्या १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची नोंदणी आवश्यक आहे, आणि उमेदवाराकडून घेता येणाऱ्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. पण त्याच व्यवस्थेत एक पोकळी आहे. दहावी उत्तीर्ण माणसाच्या पासपोर्टला उत्प्रवास मंजुरीची गरज नसते. १८ देशांत जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगाराचा करार सरकारी नजरेखालून जातो, बी.ए., बी.एड. झालेल्या शिक्षिकेचा जात नाही. शिकलेला माणूस स्वतःचे पाहून घेईल, असे इथे गृहीत धरले आहे. मी वाचलेले करार पाहता हे गृहीत फार धाडसाचे आहे. शेक्सपिअर शिकवता येणे वेगळे आणि नोटिशीचे कलम ओळखता येणे वेगळे.

यावर करता येण्यासारखे पुष्कळ आहे. बी.एड.च्या अभ्यासक्रमात नोकरीचा करार कसा वाचावा याचे चार तास घालता येतील. शिक्षक संघटनांना देशवार नमुना-करार तयार करता येतील. परदेशांतल्या महाराष्ट्र मंडळांत तिथले शिक्षक असतातच, त्यांचा अनुभव त्यात उतरवता येईल. जे परत आले त्यांनी आपले कागद, नावे झाकून, पुढच्यांना वाचायला द्यावेत. फसलो हे सांगायला लाज वाटते म्हणून आपण गप्प बसतो, आणि तेच कलम पुढच्या उमेदवाराच्या ऑफर लेटरमध्ये जसेच्या तसे छापून येते. एकाने निमूट सही केलेले वाईट कलम दुसऱ्यासाठी रिवाज होऊन बसते. एकाने बदलून घेतलेले कलमही तसेच पुढच्याच्या उपयोगी पडते.

४,००० दिरहमांचे पत्र घेऊन आलेल्या त्या मुलीने शेवटी शाळेला एकच ईमेल पाठवले. त्यात चार प्रश्न होते: बेसिक, नोटीस, मूळ प्रमाणपत्रे आणि अखेरच्या हिशेबाची तारीख. शाळेने दोन मान्य केले, एक अर्धवट मान्य केला, एक नाकारला. पगार एका दिरहमाने वाढला नाही. पण काय मान्य झाले आणि काय नाही, हे डोळ्यांसमोर ठेवून ती गेली, आणि इथल्या नोकरीचा राजीनामा तिने ते उत्तर लेखी आल्यावरच दिला.

आपण घरचे, शेजारचे, सहकारी मात्र अजून तोच एक प्रश्न विचारतो. यापुढे कुणी परदेशी शिकवायला निघाले की ‘किती देतात?’ हे जरूर विचारू या. पण त्याआधी विचारू या, ‘सोडायचे झाले तर कसे सोडता येईल?’ याचे उत्तर ज्याला देता येत नाही, त्याची वाटाघाटी अजून सुरूच झालेली नाही.